मुंबईत घायपात: दसऱ्याला लावा, जुलैत जपा

मृगाचा पाऊस पडला की रोप लावायचं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईतल्या रोपवाटिकांत पाय ठेवायला जागा नसते. काही वर्षांपूर्वी अशाच एका जूनमध्ये मी तीन घायपातं घरी आणली. पांढऱ्या काठांच्या पानांची, वीतभर उंचीची. लाल माती, शेणखत आणि कोकोपीट एकत्र करून, मोगरा लावावा तशी लावली आणि गॅलरीच्या कठड्याला लागून ठेवली. पाऊस छान लागावा म्हणून. राखीच्या सुमारास त्यातल्या एकाचा मधला न उलगडलेला सुळका सहज चिमटीत धरला, तर तो अलगद वर आला. खालचं टोक तपकिरी, बुळबुळीत, आणि वास सडलेल्या बटाट्याचा. पंधरा दिवसांत उरलेली दोनही गेली.

त्या गणपतीला माझे वडील गावाहून आले होते. आमचं गाव साताऱ्याच्या माण तालुक्यात, दुष्काळी पट्ट्यात. तिथं घायपात बांधाबांधावर असतं. कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही, गुरं तोंड लावत नाहीत. आबांनी रिकाम्या कुंड्या पाहिल्या आणि म्हणाले, "पोरी, पाणी पाजून मारलंस व्हय ह्याला?"

आबा म्हणाले ते शब्दशः खरं होतं. मुंबईत घायपात उन्हानं मरत नाही, विसरून गेलात म्हणूनही मरत नाही. ते मरतं मुळाशी आठवडेच्या आठवडे साचून राहिलेल्या ओलीनं. म्हणून पुढे जे सांगते आहे ते सगळं एका जुलैची तयारी आहे. ती तयारी दसऱ्याला सुरू करायची.

हे झाड आहे तरी काय

रोपवाटिकेत 'अगेव्ह' म्हणून मिळतं तेच आपलं घायपात. काही भागांत त्याला केकताड म्हणतात. पानं कुजवून, ठेचून त्याचा वाख काढतात आणि वाखाचे दोर वळतात. एवढं ओळखीचं असलं तरी झाड आपल्याकडचं नाही. त्याचं मूळ घर मेक्सिको आणि आसपासचा प्रदेश. तिथं याच्या दोनशेच्या आसपास जाती आहेत. ज्या जातीच्या दोराला 'सिसल' म्हणतात, तिचं ते नाव मेक्सिकोतल्या युकातान किनाऱ्यावरच्या सिसल बंदरावरून पडलं.

बहुतेक झाडं पानांवरची सूक्ष्म छिद्रं दिवसा उघडतात. घायपात ती रात्री उघडतं. रात्रीच्या गारव्यात हवा आत घ्यायची, साठवून ठेवायची आणि दिवसा छिद्रं मिटून उन्हात अन्न तयार करायचं, अशी त्याची रीत. त्यामुळे पाणी फार कमी उडतं. जाड पानात साठवलेल्या पाण्यावर ते कित्येक आठवडे काढू शकतं. तुम्ही पंधरा दिवस गावी गेलात तर त्याला पत्ताही लागत नाही.

कोरफड आणि घायपात यांत नवखे लोक हमखास घोटाळा करतात. कोरफड आफ्रिका-अरबस्तानाकडची, तिच्या पानात गर असतो आणि मोठी झाली की ती वरचेवर फुलते. घायपाताच्या पानात चिवट धागे असतात, आणि एक फड, म्हणजे पानांचा एक गोल झुबका, आयुष्यात एकदाच फुलतो. वाळलेलं जुनं पान फाडून बघा, दोऱ्यासारखे धागे सुटतील. ओलं पान मात्र उगीच तोडू नका. त्या रसात ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, हाताला लागला तर खाज आणि पुरळ उठतं.

एक गोष्ट घरी आणल्यावर सकाळच्या तिरप्या उजेडात जरूर बघा. उघडलेल्या पानाच्या पाठीवर शेजारच्या पानाच्या काट्यांचा ठसा उमटलेला असतो, अगदी करवतीच्या दात्यांसारखी नक्षी. सगळी पानं मधल्या सुळक्यात एकमेकांना घट्ट चिकटून वाढतात, तेव्हाची ती खूण. पान कितीही जुनं झालं तरी ती जात नाही. मला या झाडाची ओढ लागली ती त्या ठशापायी.

कोणती जात आणायची

इथं घाई करू नका, कारण अर्धं यश निवडीत आहे.

बांधावरचं मोठं निळसर घायपात, म्हणजे अगेव्ह अमेरिकाना, फ्लॅटमध्ये आणू नका. लहानपणी ते गोजिरं दिसतं, पण जमिनीत त्याचा घेर दोन-तीन मीटर होतो. कुंडीत तेवढं वाढत नसलं तरी चार-पाच वर्षांत गॅलरीतून माणसाला वळता येणार नाही एवढं होतं, आणि प्रत्येक पानाच्या टोकाला दाभणासारखा काटा. सोसायटीच्या आवारात मोकळी, उंच, उन्हाची जागा असेल आणि तिथून मुलांची ये-जा नसेल, तरच त्याचा विचार करा.

पहिल्यांदाच लावणाऱ्यांना मी तीन नावं सांगते. पहिलं अॅटेन्युएटा. याला काटे नाहीत, पानं मऊ, फिकट हिरवी, गुलाबाच्या पाकळ्यांसारखी रचलेली. दमट हवा आणि थोडी सावली याला इतरांपेक्षा बरीच मानवते. घरात लहान मूल किंवा कुत्रा असेल तर दुसरं काही आणूच नका. मेमधलं दुपारचं कडक ऊन मात्र याची पानं भाजतं. दुसरं डेस्मेटियाना. पानं फुलदाणीसारखी वर जाऊन बाहेर वळलेली, कडा जवळजवळ बिनकाट्याच्या, फक्त टोकाला काटा. अमेरिकेत फ्लोरिडासारख्या उष्ण, दमट, भरपूर पावसाच्या राज्यात हे बागांमधून सर्रास लावतात, त्यामुळे आपल्या हवेला ते नवखं नाही. तिसरं पांढऱ्या काठाचं अंगुस्टिफोलिया, मुंबईतल्या उद्यानांत आणि रस्त्याच्या दुभाजकांत दिसतं ते. काटेरी आहे, पण चिवट. माझी पहिली तीन हीच होती. चुकीच्या मातीत तीही टिकली नाहीत, यावरून मातीचं महत्त्व ओळखा.

व्हिक्टोरिया रेजिनी ही जात बघताक्षणी मोह पाडते. चेंडूसारखा घट्ट फड आणि प्रत्येक पानावर खडूनं ओढल्यासारख्या पांढऱ्या रेघा. ती ईशान्य मेक्सिकोतल्या चुनखडीच्या कोरड्या उतारांवरची. वाढ फारच सावकाश, म्हणून किंमतही जास्त. पावसाळ्यात पूर्ण छताखाली ठेवायची सोय असेल तरच घ्या, आणि शक्यतो एखादा पावसाळा दुसऱ्या जातीवर हात बसल्यावर.

फर्क्रिया नावाचं भावंड कधी कधी अगेव्ह म्हणूनच विकतात. पानं पातळ, लवचीक, टोकाला टोचणारा काटा नाही. झाड वाईट नाही, पण फार पसरतं.

विकत घेताना फडाच्या मधला सुळका दोन बोटांत धरून हलकेच हलवा. घट्ट असला पाहिजे. जराही डुगडुगला तर कुंडी परत ठेवा. मग पानांच्या बेचक्यांत कापसासारखं पांढरं काही दिसतं का, ते वाकून बघा. ती पिठ्या ढेकूण नावाची कीड असते. पानांची संख्या किंवा उंची पाहून भुलू नका. सावलीत, भरपूर खत घालून वाढवलेलं रोप लांबुळकं आणि पिळपिळीत असतं. आटोपशीर, कडक पानांचं छोटं रोप पुढे चांगलं निघतं.

ऊन: आपल्या गॅलरीचं गणित

घायपाताला दिवसाला निदान पाच-सहा तास थेट ऊन हवं. आमची गॅलरी दक्षिणेची, म्हणजे भरपूर ऊन, असं आपण सहज म्हणतो. पण मुंबईत सूर्य वर्षातून दोनदा, १५ मे आणि २८ जुलैच्या सुमारास, दुपारी अगदी डोक्यावर येतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या गॅलरीवर वरच्या मजल्याच्या स्लॅबची सावली पडते आणि कुंडीला थेट ऊन फारसं मिळत नाही. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हा त्याच गॅलरीत ऊन थेट आतल्या दरवाजापर्यंत येतं. म्हणून दक्षिणेच्या गॅलरीत उन्हाळ्यात कुंडी कठड्याजवळ सरकवायची आणि हिवाळ्यात आत घेतली तरी चालते. पश्चिमेच्या गॅलरीत बाराही महिने दुपारनंतरचं ऊन मिळतं, ती सर्वांत सोयीची. पूर्वेच्या गॅलरीत अॅटेन्युएटा चालेल. उत्तरेला घायपाताच्या नादी लागू नका.

एक अडचण मात्र आहे. आपला पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणजे ज्या बाजू उन्हाच्या त्याच पावसाच्या झोडपण्याच्या. त्याचा बंदोबस्त पुढे सांगते.

गच्ची असेल तर उत्तम, पण सोसायटीची परवानगी आधी घ्या आणि वजनाचा हिशेब करा. बारा इंची मातीची कुंडी, आत खडी-विटांचं मिश्रण, वर पाणी घातलेलं, असं सगळं मिळून पंचवीस किलोच्या घरात जातं. अशा दहा कुंड्या एका कोपऱ्यात दाटीनं मांडू नका, भिंतीच्या किंवा तुळईच्या बाजूनं पसरून ठेवा. आणि खिडकीबाहेरच्या ग्रिलवर, खाली रस्ता किंवा फुटपाथ असेल तर, काटेरी आणि जड कुंडी कधीही ठेवू नका.

माती, म्हणजे जवळजवळ माती नाहीच

सांताक्रूझला जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत साधारण २,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. अमेरिकेत सोनोरा वाळवंटाच्या कडेला टूसान शहर आहे, तिथं अख्ख्या वर्षात सुमारे ३०० मिलिमीटर. हे आकडे ऐकून कुणीही म्हणेल, मग हे झाड इथं कशाला? पण सगळी घायपातं वाळवंटातली नाहीत. टकीला हे मद्य ज्या निळ्या घायपातापासून करतात, ते मेक्सिकोच्या हालिस्को भागात पिकतं. तिथं वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही मुख्यतः जूननंतरच्या चार महिन्यांत, आपल्यासारखाच. फरक असा की तिथं उतार असतो, ज्वालामुखीची भुसभुशीत माती असते आणि सरींच्या मध्ये ऊन पडतं. पाणी येतं आणि निघून जातं. आपल्याकडच्या कुंडीत ते येतं आणि मुक्काम ठोकतं. मुळांना हवा मिळेनाशी होते, बुरशी धरते आणि मग वरचा सुळका हातात येतो.

म्हणून माती अशी करायची की तिला पाणी धरूनच ठेवता येणार नाही. माझं प्रमाण असं: दोन भाग विटांचे तुकडे, एक भाग बारीक खडी, एक भाग लाल माती, अर्धा भाग पूर्ण कुजलेलं पालापाचोळ्याचं किंवा गांडूळखत. कोकोपीट अजिबात नाही. ते स्पंजासारखं पाणी धरतं आणि आपल्या पावसाळ्यात महिनाभर वाळत नाही. गच्ची पूर्ण उघडी असेल तर लाल मातीही निम्मी करा.

विटांचे तुकडे विकत आणायची गरज नाही. मुंबईत कुठे ना कुठे दुरुस्तीचं काम चालूच असतं, मागितल्या तर चार फुटक्या विटा कुणीही देतं. सिमेंटचा गिलावा चिकटलेल्या घेऊ नका, नुसत्या भाजलेल्या लाल विटा हव्यात. गोणपाटात गुंडाळून हातोडीनं फोडा, म्हणजे कपच्या डोळ्यांत उडत नाहीत. मग स्वयंपाकघरातून बाद झालेल्या दोन चाळण्या घ्या. मोठ्या भोकांच्या चाळणीवर अडकतील ते तुकडे पुन्हा फोडायचे. बारीक चाळणीतून खाली पडेल ती भुकटी टाकून द्यायची. ज्वारीच्या दाण्यापासून शेंगदाण्यापर्यंतच्या आकाराचं मधलं तेवढं ठेवायचं. ही भुकटी टाकायचा लोकांना फार जीव होतो, मलाही व्हायचा. पण तीच पावसात खाली बसते आणि चिखल होऊन कुंडीचं भोक बुजवते. उरलेले तुकडे बादलीत दोनदा धुऊन उन्हात वाळवा.

खडी इमारतीच्या सामानाच्या दुकानात मिळते. सर्वांत बारीक मागा आणि तीही धुऊन घ्या. जुहू-वर्सोव्याच्या चौपाटीवरची वाळू पिशवीत भरून आणायचा विचार मनात आला तर सोडून द्या. तिच्यात मीठ असतं, शिवाय ती इतकी बारीक की पाणी अडवते.

मिश्रण झालं की कुंडीत भरून वरून एक मग पाणी ओता. पृष्ठभागावर तळं साचता कामा नये आणि दहा-पंधरा सेकंदांत खालून धार लागली पाहिजे. पाणी वर घुटमळलं तर विटांचे तुकडे वाढवा आणि पुन्हा ओतून बघा. रोप लावण्याआधी ही परीक्षा झालीच पाहिजे.

कुंडी

मातीची, न रंगवलेली. ती चहूबाजूंनी श्वास घेते, त्यामुळे आतली ओल लवकर उडते. धारावीच्या कुंभारवाड्यात हव्या त्या मापाच्या मिळतात आणि निवडायला मुभा असते. रुंद आणि उथळ घ्या, कारण घायपाताची मुळं खोल जात नाहीत, आडवी पसरतात. रोपाच्या घेरापेक्षा दोन-तीन बोटं मोठी पुरे. 'पुढे वाढेलच' म्हणून मोठी कुंडी घेतली तर मुळं पोहोचत नाहीत त्या भागात ओल साठून राहते.

तळाला एकच बारीक भोक असेल तर खिळ्यानं किंवा ड्रिलनं आणखी दोन-तीन करा, कुंडी आधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवली तर तडकण्याची भीती कमी होते. भोकावर जाळीचा तुकडा ठेवा. कुंडीखाली बशी ठेवायची नाही, तीन विटांचे तुकडे ठेवायचे, म्हणजे खालून हवा खेळते. बशीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासाच्या अळ्या होतात. पावसाळ्यात महापालिकेचे कर्मचारी घरोघर येऊन नेमक्या या बश्याच तपासतात.

लावणी

परतीचा पाऊस मुंबईतून साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात जातो. दसरा ते दिवाळी हा लावणीचा सर्वांत चांगला काळ, फेब्रुवारीपर्यंतही चालेल. म्हणजे मुळं धरायला सात-आठ कोरडे महिने मिळतात.

रोप पिशवीतून काढल्यावर रोपवाटिकेची चिकट माती झटकून टाका. बोटांनी मोकळी करा, गरज पडली तर धुवा. ही माती तशीच ठेवून बाहेर नवं मिश्रण भरलं तर मधला गोळा ओला राहतो आणि सगळी मेहनत फुकट जाते. काळी, पोकळ, सोललेल्या सालासारखी मुळं कापा. मग रोप वर्तमानपत्रावर सावलीत तीन-चार दिवस नुसतं पडू द्या. नवख्या माणसाला हे पाहवत नाही. रोपाला काही होत नाही. कापलेल्या जागा सुकतात, एवढ्यासाठीच हे करायचं.

लावताना मिश्रणाचा मध्यभाग उंचवटा करून भरा आणि रोप त्या टेकडीवर बसवा. पानांचा बुडखा मातीत गाडायचा नाही, कुंडीच्या काठापेक्षा बोटभर वरच राहिला पाहिजे. वर बारीक खडीचा एक थर पसरा, म्हणजे खालची पानं ओल्या मातीला टेकत नाहीत. रोप डुलत असेल तर दोन दगड टेकवा. आठवडाभर पाणी नाही. मग एकदा भरपूर.

काटेरी जात हाताळताना वर्तमानपत्राची जाड पट्टी करून फडाभोवती गुंडाळा आणि ती धरून उचला. डोळ्यांवर चष्मा हवाच, साधाही चालेल. मान खाली घालून काम करताना टोकाचा काटा नेमका डोळ्याच्या रेषेत येतो. काटे नकोत तर नेलकटरनं फक्त टोकाचा कठीण, काळसर भाग कापा. हिरव्याला धक्का लावला तर पान टोकाकडून वाळत येतं.

पहिले दहा-पंधरा दिवस हिरव्या जाळीखाली किंवा फक्त सकाळच्या उन्हात ठेवा. ऑक्टोबरचं ऊन फसवं असतं. एकदम उघड्यावर आणलेल्या पानांवर पांढुरके, मग तपकिरी डाग पडतात, आणि ते पान असेपर्यंत तसेच राहतात.

पाणी आणि खत

उदबत्तीची काडी कुंडीत खोलवर खुपसा, पाच मिनिटांनी काढा. कोरडी निघाली तर आणखी दोन दिवस थांबा आणि मग पाणी घाला. साधारण मापानं नोव्हेंबर ते फेब्रुवारी पंधरा दिवसांतून एकदा, मार्च ते मे आठवड्यातून एकदा. घालाल तेव्हा खालून निथळेपर्यंत घाला, पण फडाच्या मध्यात न ओतता कडेनं. पाणी कमी पडलं तर खालची पानं किंचित सुरकुततात, एका पाण्यात पुन्हा भरतात. जास्त झालेल्या पाण्याला असा उतारा नसतो.

खत ऑक्टोबरात आणि फेब्रुवारीत एकेक मूठ गांडूळखत, बस्स. युरिया नको, पानं मऊ पडतात आणि मऊ पानं पावसाळ्यात आधी सडतात.

जून ते सप्टेंबर

मेच्या शेवटच्या आठवड्यात शेवटचं पाणी द्या आणि नंतर थांबा. पहिल्या सरीपर्यंत कुंडी कोरडी ठणठणीत झालेली हवी.

सर्वांत चांगलं म्हणजे वर छत आणि चारी बाजूंनी वारा. गच्चीत बांबूचा किंवा लोखंडी पाइपचा साधा सांगाडा करून वर पारदर्शक प्लास्टिक ताणा, एका बाजूला उतार देऊन. निळी ताडपत्री नको. आधीच आभाळ महिना-महिना भरलेलं, त्यात निळ्या अंधारात घायपात लांबुळकं होतं आणि ऑक्टोबरात उन्हात आणलं की भाजतं. बाजूनं प्लास्टिक लावू नका. कोंडलेल्या दमट हवेत पानांवर काळे-तपकिरी खोलगट ठिपके येतात, ती बुरशी. ठिपक्याचं पान काढून टाका, बाकीच्यांवर कॉपर ऑक्सिक्लोराइड डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात फवारा, आणि कुंड्या एकमेकींपासून दूर सरकवा.

गॅलरीत असाल तर कुंड्या कठड्यापासून भिंतीशी आणा. पश्चिमेचा पाऊस आतपर्यंत येत असेल तर चार महिने घरातल्या सर्वांत उजेडाच्या खिडकीत हलवा. घरात असताना तीन आठवड्यांतून एकदा अर्धा मग पाणी पुरतं, आणि पानं टणक दिसत असतील तर तेही नको.

छताची काहीच सोय होत नसेल तर एक जुनी युक्ती आहे. कुंडीच्या एका बाजूखाली विटेचा तुकडा सरकवून ती तिरकी करा, चांगली हातभर कलंडल्यासारखी दिसू दे. फडाच्या मध्यात पाणी साचत नाही, लगेच ओघळून जातं. आमच्या गच्चीवर एक अंगुस्टिफोलिया जागेअभावी असंच उघड्यावर, तिरकं, तीन पावसाळे काढून उभं आहे. मिश्रणात त्याला लाल माती चमचाभरच आहे.

दर रविवारी प्रत्येक सुळका चिमटीत धरून बघायचा. घट्ट असेल तर काही करू नका. हलला तर त्याच दिवशी झाड उपटा. मधला भाग सडला असेल तर मुख्य फड वाचत नाही, पण बुडाशी पिल्लं असतील तर ती सोडवून घ्या. सड फक्त मुळांत असेल तर चाकूनं पांढरा, टणक, निरोगी भाग लागेपर्यंत कापत जा, प्रत्येक कापानंतर चाकू स्पिरिटनं पुसा. मग ते बिनमुळांचं बूड कोरड्या जागी दहा-बारा दिवस सुकवा आणि कोरड्या मिश्रणावर नुसतं टेकवून ठेवा. पानांतल्या साठ्यावर ते नवी मुळं काढतं.

ढेकूण आणि पिल्लं

पिठ्या ढेकूण दिसला तर कापसाचा बोळा सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुसा. थोड्या झाडांना हेच पुरतं. निंबोळी तेल निळसर, भुरकट पानांच्या जातींवर फवारू नका, पानावरचा मेणाचा थर जातो आणि डाग राहतात. कुंडी बदलताना मुळांवर पांढरा कापूस दिसला तर सगळी माती टाका, मुळं धुवा, चार दिवस वाळवा आणि नव्या मिश्रणात लावा.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कुंडीच्या कडेनं पिल्लं डोकावू लागतात. मुठीएवढी होईपर्यंत आईजवळ राहू द्या. दिवाळीनंतर कुंडी आडवी करून, जोडणारी दांडी कापून सोडवा. मुळं असली-नसली तरी चालेल, पाच दिवस सुकवायची आणि लावायची. माझ्या घरातून गेलेली पिल्लं आता मुलुंडमध्येच चार घरांत आहेत. एक मी गावी नेलं होतं. आबांनी ते बांधावर नेऊन ठेवलं, दोन दगड टेकवले आणि निघून आले.

फूल

हे बरीच वर्षं थांबून येतं. अमेरिकानाला दहा ते तीसही लागतात, डेस्मेटियानाला साधारण आठ-दहा. फुलायची वेळ आली की मधून शतावरीच्या कोंबासारखा जाड दांडा निघतो आणि बघता बघता वाढतो. अमेरिकानाचा आठ मीटरही जातो, कुंडीतल्या जातींचा दोन-तीन. गॅलरीत असाल तर वरच्या मजल्यावर आधी सांगून ठेवा आणि दांडा सुतळीनं ग्रिलला सैलसर बांधा. कुंडी वाऱ्यानं कलंडू नये म्हणून काठावर दगड ठेवा.

फुलल्यावर तो फड हळूहळू वाळतो. पाणी वाढवून, खत घालून तो वाचत नाही, तसा प्रयत्न करू नका. दांडा लगेच कापूही नका. अंगुस्टिफोलिया आणि डेस्मेटियाना यांच्या दांड्यावर फुलं गळाल्यानंतर बोटभर उंचीची तयार रोपं धरतात, शेकड्यानं. ती हात लावताच सुटू लागली म्हणजे तयार झाली. तेव्हा पावसाळा असेल तर कागदी पिशवीत कोरड्या कपाटात ठेवून द्या, आणि नोव्हेंबर लागला की वर सांगितलेल्या मिश्रणात, अर्ध्या बोटाच्या अंतरानं, एका उथळ कुंडीत नुसती टेकवून ठेवा.